बिल्ड लॉगमधील उघड्या चाव्या : महाराष्ट्रातील संगणकीय व्यवहाराच्या संदर्भात अधिकार आणि नोंद यांचा ऐतिहासिक अभ्यास (२००५ ते २०२५)

सारांश :
संगणकीय सेवा भाड्याने घेण्याची क्लाऊड पद्धती रूढ झाल्यानंतर संस्थांचा सर्व दस्तऐवज काही अक्षरांच्या गुप्त चावीवर अवलंबून राहू लागला. ही चावी कुलूप फोडून चोरली जाण्यापेक्षा आज्ञावली तयार होताना आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदीतून, म्हणजेच बिल्ड लॉगमधून, किंवा त्या प्रक्रियेतून बाहेर पडणाऱ्या फाईलमधून उघडी पडल्याची उदाहरणे गेल्या दशकात वारंवार दिसून आली. प्रस्तुत शोधनिबंधात या समस्येचा इतिहास मांडला असून पुणे येथील २००५ व २०१८ च्या घटना आणि टाटा मोटर्स या मुंबईस्थित कंपनीच्या चाव्यांचे २०२३ मधील प्रकरण यांच्या आधारे तिचा महाराष्ट्राशी असलेला संबंध तपासला आहे.

बीजशब्द : बिल्ड लॉग, क्लाऊड, प्रवेशचावी, हुंडी, माहिती तंत्रज्ञान कायदा.

प्रस्तावना :
कोणत्याही व्यवहारात दोन प्रकारचे कागद निर्माण होतात. एक कागद अधिकार देतो, तर दुसरा नोंद ठेवतो. हुंडी हा पहिल्या प्रकारचा कागद होय. कीर्द व खतावणी हे दुसऱ्या प्रकारचे. अधिकाराचा कागद जपून ठेवावा आणि नोंदीचा कागद तपासणीसाठी खुला असावा, हा व्यवहाराचा जुना दंडक आहे. सावकाराची वही पंचांसमोर उघडता येत असे, परंतु तिजोरीची किल्ली वहीत ठेवण्याची चूक कोणी करीत नसे. एकविसाव्या शतकातील संगणकीय व्यवहारात मात्र नेमके हेच घडले. नोंदवही आणि किल्ली एकाच ठिकाणी आली, आणि ती वही जगभरातील कोणालाही वाचता येईल अशा ठिकाणी ठेवली गेली.

हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राचा आहे, असे समजून इतर विद्याशाखा त्याकडे दुर्लक्ष करताना दिसतात. वस्तुतः दस्तऐवज कसा निर्माण होतो, तो कोण वाचतो आणि तो किती काळ टिकतो हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचे आहेत. त्यामुळे या विषयाकडे दस्तऐवजाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरते.

संशोधनाची उद्दिष्टे :
१. बिल्ड लॉग या नोंदप्रकाराच्या उदयाचा आढावा घेणे.
२. अशा नोंदीतून गुप्त चाव्या उघड्या पडण्याची कारणे स्पष्ट करणे.
३. महाराष्ट्रातील निकटच्या घटनांच्या आधारे अधिकार व नोंद यांच्या संबंधाचे विश्लेषण करणे.
४. महाविद्यालयीन पातळीवर घ्यावयाच्या दक्षतेचा विचार करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन प्रसिद्ध झालेल्या दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

१. हुंडी : अधिकारपत्राची देशी परंपरा

पश्चिम व मध्य भारतातील व्यापाराचा कणा असलेल्या हुंडीचे अनेक प्रकार होते. त्यांपैकी दोन प्रकार या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. धनीजोग हुंडी ही ज्याच्या हाती असेल त्याला देय असे. शाहजोग हुंडीची रक्कम मात्र केवळ ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच दिली जाई. हुंडी सादर करणारा माणूस कोण, याची चौकशी करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असे. पुढे हुंडी चोरीची निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहाला ती रक्कम परत करावी लागे. म्हणजेच कागद हरवण्याची शक्यता गृहीत धरूनच ही पद्धती आकाराला आली होती.

मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही गहाळ झाल्यास ‘परपेठ’ लिहून देण्याची प्रथा होती. पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोखा’ ठरे. तिच्यात पुन्हा पैसे मागण्याचे सामर्थ्य उरत नसे. ब्रिटिश राजवटीत १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम आला, तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांबाबतचे स्थानिक रिवाज कायद्याने राखून ठेवले. या परंपरेतून तीन तत्त्वे हाती येतात. अधिकार माणसाशी जोडलेला असावा, हरवलेले अधिकारपत्र रद्द करण्याची सोय आधीच असावी, आणि काम झाल्यावर अधिकार संपावा. क्लाऊडची प्रवेशचावी बराच काळ या तिन्ही तत्त्वांना सोडून वापरली गेली, हे पुढील विवेचनातून दिसून येईल.

२. बिल्ड लॉगचा उदय

संगणकाची आज्ञावली माणूस लिहितो. पण ती वापरण्याजोगी होण्यासाठी तिचे रूपांतर, जुळणी आणि चाचणी करावी लागते. या साऱ्या क्रियेला बिल्ड असे म्हटले जाते. पूर्वी हे काम एखादा अभियंता आपल्या यंत्रावर करीत असे. दिवसातून अनेकदा सर्वांची आज्ञावली एकत्र करून तिची आपोआप चाचणी घ्यावी, हा विचार २००० च्या सुमारास पुढे आला. २००१ मध्ये क्रूझकंट्रोल हे त्यासाठीचे साधन उपलब्ध झाले. २००५ मध्ये हडसन आले व २०११ मध्ये त्याचेच जेनकिन्स झाले. ट्रॅव्हिस सीआय आणि सर्कलसीआय या सेवा २०११ मध्ये सुरू झाल्या. गिटहबची स्वतःची ॲक्शन्स ही सेवा २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

या यंत्रणा प्रत्येक टप्प्याची ओळीगणिक नोंद ठेवतात. ती नोंद म्हणजे बिल्ड लॉग. काम कोठे अडले, कोणती चाचणी फसली, हे सहकाऱ्यांना कळावे हा तिचा हेतू असतो. मुक्त आज्ञावलीच्या प्रकल्पांत तर काम सर्वांसमोर व्हावे या तत्त्वामुळे हे लॉगही सर्वांना खुले ठेवले गेले. पारदर्शकता हा त्यामागील सद्हेतू होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणन या सेवा भाड्याने देण्यास आरंभ केला. भारतात या व्यवसायाची प्रमुख भूमी महाराष्ट्र ठरली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथील केंद्रांतून, तर ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबई विभागातून सेवा सुरू केली. गूगलचा मुंबई विभाग २०१७ मध्ये आला. तयार झालेली आज्ञावली थेट क्लाऊडवर चढवायची असेल, तर बिल्ड करणाऱ्या यंत्राकडे क्लाऊडची चावी असणे भाग पडले. नोंद ठेवणारे यंत्र आणि तिजोरी उघडणारे यंत्र येथे एक झाले. पुढील सर्व घटनांचे मूळ या एकत्रीकरणात आहे.

३. चावी नोंदीत कशी उतरते

ॲमेझॉनच्या नेहमीच्या प्रवेशचावीचे दोन भाग असतात : वीस अक्षरांचा ओळखक्रमांक आणि चाळीस अक्षरांचे गुपित. कायमस्वरूपी चावीचा ओळखक्रमांक ठरावीक चार अक्षरांनी सुरू होतो. त्यामुळे लक्षावधी ओळींतूनही तो यंत्राला क्षणात शोधता येतो. जी सोय व्यवस्थापकाची, तीच चोराची सोय होते.

चावी नोंदीत उतरण्याचे मार्ग प्रामुख्याने पाच आहेत. पहिला मार्ग चूक शोधण्याच्या घाईचा. काम का अडले हे पाहण्यासाठी अभियंता यंत्रातील सर्व मूल्ये छापण्याची आज्ञा देतो आणि त्यांतच चावीही छापली जाते. दुसरा, त्रुटी-संदेशाचा. जोडणी फसली की यंत्र संपूर्ण पत्ता लिहिते आणि त्या पत्त्यात पासवर्ड असतो. तिसरा, झाकण्याच्या मर्यादेचा. या सेवा ज्ञात चावीच्या जागी तारांकने छापतात. परंतु तीच चावी निराळ्या संकेतलेखनात किंवा तुकड्या-तुकड्यांनी आली, तर यंत्राला ती ओळखता येत नाही. चौथा, परक्या घटकांचा. बिल्डमध्ये वापरलेला एखादा तयार घटक दूषित असेल, तर तो मुद्दाम चावी छापतो. पाचवा, उत्पादनाचा. चावी लॉगमध्ये न राहता तयार झालेल्या फाईलमध्येच गोठून जाते आणि ती फाईल ग्राहकाच्या संगणकावर पोहोचते.

यांपैकी पहिले तीन व पाचवा मार्ग कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय घडतात. म्हणूनच या समस्येला चोरी म्हणण्याआधी ‘दप्तरी सवय’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

४. पुणे, २००५ आणि २०१८

क्लाऊडचा प्रसार होण्यापूर्वी, एप्रिल २००५ मध्ये, पुण्यात एक प्रकरण उघडकीस आले. एम्फॅसिस कंपनीच्या एमसोर्स या सेवाकेंद्रातील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकी ग्राहकांशी बोलताना त्यांचा विश्वास संपादन करून गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. केंद्रात येता-जाता कर्मचाऱ्यांची झडती होत असे, त्यामुळे कागदावर काही लिहून नेणे शक्य नव्हते. क्रमांक लक्षात ठेवून ते बाहेरील सायबर कॅफेमध्ये वापरले गेले, असे त्या वेळी सांगण्यात आले. ग्राहकांच्या तक्रारींनंतर बँकेने माग काढला आणि पोलिसांनी आरोपींना अटक केली.

या घटनेचा ऐतिहासिक अर्थ महत्त्वाचा आहे. सुरक्षिततेचा सारा भर कर्मचाऱ्याच्या खिशावर होता. गुपित मात्र खिशात नव्हते. ते संभाषणात होते. शिवाय तो क्रमांक ज्याच्या तोंडी असेल त्याला बँक खातेदार मानीत होती. हुंडीच्या भाषेत सांगायचे तर तो व्यवहार धनीजोग होता.

दुसरी घटना १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेच्या एटीएम व्यवहारांना संमती देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेद्वारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला पाठवण्यात आले. एकूण हानी ९४ कोटी रुपयांवर गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ आरोपींना दोषी ठरवले. ही घटना बिल्ड लॉगची नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. तथापि विचारणाऱ्या यंत्राने ‘होय’ हे उत्तर खऱ्या यंत्राकडून आले की खोट्या, याची चौकशी केली नाही, हा दोष दोन्हींत समान आहे.

५. जागतिक घटनाक्रम

जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाऊड नियंत्रणफलकाचा ताबा एका हल्लेखोराने मिळवला आणि कंपनीने ताबा परत मिळवण्याचा प्रयत्न करताच तिची बहुतेक माहिती व प्रतीही पुसून टाकल्या. कंपनीला व्यवसायच बंद करावा लागला. एका चावीत संस्थेचे अस्तित्व सामावले जाते, हे या घटनेने दाखवून दिले. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या खाजगी आज्ञावली-भांडारात हल्लेखोरांना ॲमेझॉनची चावी सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने एक लाख डॉलर देऊन प्रकरण झाकले. ते नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झाले आणि पुढे १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मूळ गळतीपेक्षा ती दडवणे अधिक महाग पडते, हा धडा यातून मिळाला.

लॉगच्या बाबतीत ट्रॅव्हिस सीआयचे उदाहरण विशेष बोलके आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे आठवडाभर तिच्यातील दोषामुळे सार्वजनिक प्रकल्पांची गुपिते परक्यांना मिळू शकत होती. जून २०२२ मध्ये ॲक्वा सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी याहून व्यापक बाब मांडली. या सेवेचे ७७ कोटींहून अधिक जुने लॉग कोणालाही वाचता येत होते, आणि त्यांत २०१३ पासूनच्या नोंदी होत्या. नमुन्यादाखल तपासलेल्या भागातच हजारो चाव्या आढळल्या. लॉग खुले असणे हा रचनेचाच भाग आहे, अशी सेवेची भूमिका होती. ती तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती. मात्र नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली चावी आजही चालू असेल, तर जुने दप्तर हे दप्तर राहत नाही, ते शस्त्रागार होते.

कोडकव्ह प्रकरणात ३१ जानेवारी ते १ एप्रिल २०२१ या काळात एका लोकप्रिय चाचणी-साधनात गुपचूप बदल करून असंख्य संस्थांच्या बिल्डमधील गुपिते बाहेर पाठवली गेली. एका ग्राहकाने फाईलची पडताळणी-संख्या जुळवून पाहिली आणि ती जुळली नाही, तेव्हा हे उघड झाले. या प्रकरणाचा आरंभही कंपनीच्या स्वतःच्या बिल्ड प्रक्रियेत राहून गेलेल्या एका चावीपासूनच झाला होता. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआयने आपल्या सर्व ग्राहकांना सर्व गुपिते बदलण्याची सूचना केली. १४ मार्च २०२५ रोजी गिटहबवरील २३ हजारांहून अधिक भांडारांत वापरला जाणारा एक तयार घटक दूषित करण्यात आला. त्याने गुपिते कोठेही बाहेर पाठवली नाहीत. ती संकेतलेखनात दोनदा गुंडाळून केवळ लॉगमध्ये छापली. लॉग सार्वजनिक असल्याने तेवढे पुरेसे होते. नोंदवहीचाच हेर म्हणून वापर करण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

६. टाटा मोटर्सच्या चाव्या : महाराष्ट्रातील निकटचे उदाहरण

टाटा मोटर्स या मुंबईस्थित आणि पिंपरी-चिंचवड परिसरात मोठे कारखाने असलेल्या कंपनीचे प्रकरण या विषयाच्या सर्वांत जवळ येते. व्यावसायिक वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या तिच्या ई-दुकान या संकेतस्थळाच्या आज्ञावलीत ॲमेझॉन क्लाऊडच्या चाव्या उघड्या असल्याचे ईटन झ्वेअर या सुरक्षा-संशोधकाला २०२३ मध्ये आढळले. संकेतस्थळ उघडणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर ही आज्ञावली जात असल्याने चावीही त्याच्याकडे जात होती. त्या चावीने ग्राहकांची नावे, पत्ते व पॅन क्रमांक असलेली लक्षावधी बिले पाहता येणे शक्य होते. वाहनताफ्यावर देखरेख ठेवणाऱ्या फ्लीटएज या दुसऱ्या प्रणालीत चावी गूढलेखित होती. तथापि ती उलगडण्याचे साधनही तेथेच, वापरणाऱ्याच्या यंत्रावर पाठवलेले होते. तेथून ७० टेराबाईटहून अधिक माहिती खुली होऊ शकत होती.

संशोधकाने ही बाब ऑगस्ट २०२३ मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या संस्थेमार्फत कळवली. त्याने मोठ्या प्रमाणावर माहिती उतरवून घेतली नाही आणि दुरुस्ती झाल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तपशील प्रसिद्ध केला. कळवलेले सर्व दोष २०२३ मध्येच दूर केल्याचे कंपनीने सांगितले.

हे प्रकरण वर सांगितलेल्या पाचव्या मार्गाचे आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे चावीच्या अधिकाराचे प्रमाण. दुकानाच्या दर्शनी भागाला गरज असते ती थोडीशी माहिती वाचण्याची. दिलेली चावी मात्र कोठाराची होती. दुसरी म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत देण्याची वृत्ती. गूढलेखन केले म्हणजे सुरक्षितता साधली, ही समजूत यातून खोटी ठरते.

या गळतीचा भार कोणावर येऊ शकला असता, याचाही विचार व्हावा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो चिकू मसोली, घोलवड, बोर्डी या भागांतून मुंबईच्या बाजारात नेणारा एखादा वाहनमालक सुटा भाग मागवतो, तेव्हा त्याचे नाव, पत्ता व पॅन क्रमांक एका बिलावर उतरतो. त्या बिलाची प्रत कोठे साठते, तिची चावी कोणाकडे आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची अपेक्षाही नाही. त्याने कंपनीवर विश्वास ठेवलेला असतो. जोखीम त्याची आणि चावी दुसऱ्याची, ही या व्यवहारातील मूलभूत विषमता होय.

मुंबईच्याच एंजल वन या दलाली संस्थेने फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस आपल्या ॲमेझॉन क्लाऊडवरील काही साधनांत अनधिकृत प्रवेश झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ असा की हा प्रश्न एका कंपनीपुरता किंवा एका उद्योगापुरता मर्यादित नाही.

७. कायद्याचा प्रतिसाद

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्या वेळी भर होता तो अनधिकृत प्रवेश करणाऱ्यावर. पुण्यातील २००५ च्या प्रकरणानंतर भारतीय सेवाकेंद्रांच्या विश्वासार्हतेची चर्चा देशाबाहेरही झाली. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, कलम ४३-अ समाविष्ट करून संवेदनशील माहिती हाताळताना वाजवी दक्षता न घेणाऱ्या संस्थेवर भरपाईचे दायित्व टाकले. दोष केवळ चोराचा नसून दार उघडे ठेवणाऱ्याचाही असू शकतो, हे तत्त्व येथे मान्य झाले.

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

८. चर्चा : नोंद पुसावी की जपावी ?

वरील घटना पाहून लॉग ठेवूच नयेत किंवा ते तातडीने पुसावेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो दोन कारणांनी टिकत नाही. कायदा लॉग जपण्यास सांगतो. शिवाय चोरी झाल्यानंतर काय घडले हे सांगणारा एकमेव साक्षीदार लॉगच असतो. मार्च २०२५ च्या घटनेत कोणाच्या चाव्या उघड्या पडल्या हे शोधण्यासाठीही लॉगच तपासावे लागले. पुण्याचे पेशवे दप्तर टिकले म्हणून अठराव्या शतकातील कारभाराचा अभ्यास शक्य झाला; नोंद नष्ट करणारी व्यवस्था स्वतःलाही विसरते. तेव्हा नोंद टिकवायची असेल, तर तिच्यात सापडणारी चावी निर्जीव झालेली असली पाहिजे. नोंद दीर्घायुषी आणि अधिकार अल्पायुषी, हेच यावरील सूत्र होय.

तंत्रज्ञानाची वाटचालही याच दिशेने झालेली दिसते. गिटहबने २०२१ पासून अशी सोय केली की, बिल्ड करणारे यंत्र क्लाऊडकडे स्वतःची ओळख पटवते आणि त्या कामापुरता, थोड्या वेळाचा अधिकार मिळवते. काम संपले की तो अधिकार संपतो. पुढे कोणी लॉग वाचला, तरी त्याच्या हाती खोखा लागतो. धनीजोगाकडून शाहजोगाकडे झालेला हा प्रवास आहे. फरक इतकाच की चौकशी आता गुमास्त्याऐवजी यंत्र करते.

दुसरा मुद्दा दोषाच्या वाटणीचा. अशा घटनांनंतर बहुधा कनिष्ठ अभियंत्याकडे बोट दाखवले जाते. त्याची चूक असते, हे नाकारता येत नाही. परंतु एका चुकीने संपूर्ण कोठार उघडत असेल, तर ती रचना ठरवणाऱ्यांची जबाबदारी अधिक मोठी मानली पाहिजे. पुण्याच्या सेवाकेंद्रात झडती घेणारी दृष्टी आणि आज अभियंत्याला दोष देणारी दृष्टी एकच आहे. दोन्ही ठिकाणी माणसावर पाळत ठेवली जाते आणि अधिकाराच्या व्याप्तीचा प्रश्न विचारला जात नाही.

निष्कर्ष :
१. बिल्ड लॉगमधील गळती ही प्रामुख्याने नोंद आणि अधिकार एकाच यंत्रणेत एकत्र आल्यामुळे निर्माण झालेली समस्या आहे.
२. चावी झाकण्याच्या उपायांना मर्यादा आहेत. चावीचे आयुष्य व तिची व्याप्ती कमी करणे हा अधिक परिणामकारक उपाय ठरतो.
३. उघडी पडलेली चावी फाईलमधून काढून टाकणे पुरेसे नाही. ती रद्द करून नवी घेणे हाच उपाय होय, कारण जुन्या प्रती व जुने लॉग शिल्लक राहतात.
४. महाराष्ट्रातील घटनांत २००५ पासून एक सातत्य दिसते. गुपित जाणणाऱ्यालाच हक्कदार मानण्याची पद्धत प्रत्येक वेळी घातक ठरली.
५. सद्भावनेने दोष कळवणाऱ्या संशोधकाशी संवाद ठेवणे संस्थेच्या हिताचे असते.

समारोप :
हा विषय महाविद्यालयांपासून दूर नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी रेल्वे डहाणू रोडपर्यंत आली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. डहाणू-तलासरी परिसरातील विद्यार्थ्याला आज मुंबईच्या संगणक-व्यवसायात प्रवेश करणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. तो आपला प्रकल्प सार्वजनिक भांडारात ठेवतो, कारण नोकरीच्या मुलाखतीत तो दाखवायचा असतो. त्या प्रकल्पात क्लाऊडची चावी राहून गेली, तर तिच्या गैरवापराचे बिल त्याच्या किंवा त्याच्या पालकांच्या नावावर येऊ शकते. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना आज्ञावली चालते की नाही एवढेच पाहिले जाते. तिच्या लॉगमध्ये काय उतरले आहे, हे सहसा पाहिले जात नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाने तेवढी एक तपासणी अनिवार्य केली, तरी पुष्कळ साध्य होईल. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले व बँक खाती सांभाळणाऱ्या महाविद्यालयीन प्रणाली ज्या बाहेरील संस्थांकडून तयार करून घेतल्या जातात, त्यांच्या करारातही चाव्या कोणाच्या ताब्यात राहतील, त्या केव्हा बदलल्या जातील आणि करार संपल्यावर त्या कोण रद्द करील, याचा उल्लेख असणे आवश्यक आहे.

सावकाराची पत त्याच्या वहीच्या स्वच्छतेवर ठरत असे. आज वही यंत्र लिहिते, म्हणून ती वाचण्याची जबाबदारी संपलेली नाही. आदिवासी विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा वाहनमालकाचे बिल असो, त्यांनी सोपवलेला दस्तऐवज सुरक्षित राहणे हा त्यांच्यावरील उपकार नसून त्यांचा हक्क आहे, एवढी जाणीव संस्थांच्या कारभारात रुजणे अगत्याचे आहे.